हळू चालत जायचास तू

दादा,

महेश म्हणाला, "आत्या, अप्पाच्या फोटूखाली छापायला चार ओळी लिहून दे. तू मास्तरीण व्हतीस, तुला जमतंय." मी कागद घेऊन बसले. 'मनमिळाऊ' लिहिलं आणि खोडलं. 'सदैव हसतमुख' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. शेवटी म्हणाले, तुझं तू बघ बाबा, छापखान्यात तयार ओळी असतात, त्यातल्या घाल. तुझ्या पोरानं त्या घातल्या. छापून आल्यावर वाचल्या तेव्हा वाटलं, एवढा भला माणूस गेला आणि आपली त्याच्याशी ओळखच कशी झाली नाही!

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग बोलायचं कधी? जिवंत होतास तेव्हा तू बोलूच दिलं नाहीस. एक शब्द वाकडा गेला की तू उठून चपला शोधायला लागायचास. आता तुला उठता येत नाही, म्हणून बोलते.

दुखवट्याला येणारं प्रत्येक माणूस ओसरीवर टेकतं, पाण्याचा तांब्या हातात घेतं आणि एकच वाक्य बोलतं, "अप्पा लई मानी माणूस हो." मी 'हो' म्हणते, कारण आलेल्या माणसाशी भांडण काढणं बरं दिसत नाही. पण मानी कुणाला म्हणायचं ते एकदा ठरवायला हवं. आपल्याकडे पुरुष रुसला की तो मानी होतो आणि बाई रुसली की ती आगाऊ होते. तू जन्मभर रुसलास आणि आम्ही घरादारानं, सोयऱ्याधायऱ्यांनी जन्मभर तुझ्या मिनतवाऱ्या केल्या. त्यात आमची किती कामं नासली, किती सणांची माती झाली, हे त्या पाण्याच्या तांब्यावाल्यांना कुणी सांगायचं?

तुला ही सवय लावली आईनं. नांदूरघाटच्या आपल्या घरी पुढे कापडाचं दुकान आणि मागे स्वयंपाकघर. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी तुझा रुसवा पुढपर्यंत ऐकू जायचा. एकदा आईनं चुकून माझं ताट आधी वाढलं. झालं, तू पाटावरून उठलास आणि मारुतीच्या पाराकडे निघालास. आई हातातली भाकरी तव्यावर टाकून तुझ्यामागे. तव्यावरची भाकरी करपली. तू परत आलास ते आईच्या पदराला धरून, आणि मग तुला नवी भाकरी, वर लोण्याचा गोळा, गूळ. करपलेली कुणी खाल्ली ते मी सांगायला नको.

तेव्हा मी मनात धरलं, रुसल्यावर लोणी मिळतं. पुढे दिवाळीला माझ्या झग्याला ठाणाच्या शेवटचं उरलेलं कापड आलं, भोपळ्याच्या फुलासारखं पिवळंधमक, आणि तुझ्या सदऱ्याला बाबांनी तुला आवडेल ते ठाण फाडलं. मी ताटावरून उठले. मीही पारावर जाऊन बसले. बराच वेळ बसले. कुणी आलं नाही. घरात आई बाबांना म्हणत होती म्हणे, "बसू द्या. भूक लागली की येईल." मी आलेही. भूक लागली होती. ताट गार झालेलं होतं आणि ते मी मुकाट्यानं जेवले. दादा, तुझ्या-माझ्यात फरक एवढाच पडला. मला गार जेवता येतं आणि तुला शेवटपर्यंत आलं नाही.

आईनं पुढे तुला वहिनींच्या हवाली केलं ते रुसव्याफुगव्यांसकट. तुला भाजीत मीठ कमी वाटायचं. तू मागायचा नाहीस. तसाच अळणी जेवून उठायचास, हात धुवायचास आणि दुकानावर येईल त्याला सांगायचास, "आमच्या घरी मीठ महाग झालंय." वहिनींना ते शेजारणीकडून कळायचं. अबोला धरलास की तू वहिनींशी भिंतीमार्फत बोलायचास. वहिनी समोर उभ्या, आणि तू भिंतीकडे बघून, "म्हणावं, चहा व्हायलाय का न्हाई?" वहिनी बिचाऱ्या भिंतीच्या वतीनं उत्तर द्यायच्या. मी एकदा म्हणाले, वहिनी, नका देऊ उत्तर, बघू किती दिवस चहावाचून राहतो. त्या म्हणाल्या, "न्हाई हो बाई, ते खरंच राहतेत." तुझ्या हट्टाचं त्यांना कौतुक वाटत होतं की भीती, हे मला आजही सांगता येत नाही.

पण तुझा खरा दरारा लग्नांत. सोयऱ्यांच्या कुठल्याही लग्नात फेटेवाला आला की यजमानाचा जीव खालीवर व्हायचा. फेटा आधी कुणाला, मग कुणाला. माजलगावच्या बाजूला एका लग्नात फेटेवाल्यानं डावीकडून सुरुवात केली आणि तू बसला होतास उजवीकडे. तुझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्याच्याकडचे गुलाबी फेटे संपले होते, केशरी उरले होते. तू बांधून घेतलास. आरशात पाहिलंस. मग सोडलास, घडी घातलीस, खुर्चीवर ठेवलास आणि निघालास. मी बायकांतून पाहत होते. तुझी निघण्याची रीत मला पाठ होती. आधी एक चप्पल घालायची. दुसरी समोर दिसत असली तरी शोधायची. मग उपरणं झटकायचं. आणि मग हळू, अगदी हळू चालत मांडवाबाहेर पडायचं. खरं घरी जाणारा माणूस असा चालत नसतो, दादा. तू हळू चालायचास, कारण मागून कुणीतरी धावत यायला हवं असायचं. आणि यायचं. मुलीचा बाप डोक्यावरचं पागोटं सावरत यायचा, "अप्पा, कावून असं करता, पोरीचं लगीन हाय," म्हणून हात धरायचा. तू दोनदा हात सोडवून घ्यायचास. तिसऱ्यांदा वळायचास. पंगतीत मग तुला आग्रह जास्त.

सगळेच असे होते, मी तुला एकट्याला धरत नाही. त्या मांडवात बसलेला दर तिसरा माणूस असाच नाक वर करून फेट्याची वाट बघत होता. कोण आधी रामराम घालतो, कुणाचं नाव माईकवर कितवं येतं, कुणाला प्लास्टिकची खुर्ची आणि कुणाला गादीची, यावर आपल्या तालुक्यात सख्खी घरं तुटलीत. जमिनीवरून तुटली असती तर काही तरी हाती लागलं असतं. पण त्या दर तिसऱ्या माणसाला मी राखी बांधत नव्हते. तुला बांधत होते.

आणि तुला दुसरं काही जमत नव्हतं असं असतं, तर मीही सोडून दिलं असतं. आमच्या ह्यांचा मांजरसुंब्याच्या चौकात अपघात झाला तेव्हा मला निरोप पोचायच्या आधी तू तिथं होतास. दवाखान्यात तू रात्रंदिवस फरशीवर बसलास. पेपर अंथरून. तिथं तुला कुणी खुर्ची दिली नाही आणि तू ती मागितलीही नाहीस. वॉर्डातली आया तुझ्या अंगावर वसकन ओरडली, "ये बाबा, हिकडं बसू नको, पाय काढ!" आणि तू पाय काढलेस. रुसला नाहीस. उलट तिच्या हातची बादली घेऊन बाजूला ठेवलीस. हे बरे होऊन घरी आले तेव्हा तू म्हणालास, "ताई, आता झोप काढ जरा. आमी हाव की." ते 'आमी हाव की' मी कितीतरी वर्षं पुरवून वापरलं. म्हणून तर माझा संताप होतो. तुला जमत होतं. दुःखात जमत होतं, आनंदातच जमत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी आनंद झाला की त्यात तुझी खुर्ची कुठं आहे, हे आधी शोधायचास.

माझ्या शुभाच्या लग्नाचं आता बोलते. इतकी वर्षं ते तुझ्यापाशी काढायचं राहिलं.

बीडचं मंगल कार्यालय. पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या. मुलीचा मामा म्हणून तुला मी स्वतः पुढे नेऊन बसवलं, पहिला फेटा तुला, तोही गुलाबी. फेटेवाल्याला मी आदल्या दिवशीच दम भरून ठेवला होता. माझ्या परीनं मी पूर्ण बंदोबस्त केला होता. पण आपल्या जिल्ह्यात पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, हे मी विसरले. मुलाकडच्यांनी बोलावलेले साहेब ऐनवेळी आले, बरोबर दहा-बारा माणसं. खुर्च्या कमी पडल्या. आमचे हे घामाघूम होऊन तुझ्यापाशी आले. "अप्पा, जरा बाजूला सरकता का? सायब बसतील." तू म्हणालास, "सरकतो की." आणि सरकलास. सरकत सरकत थेट गेटाबाहेर गेलास.

त्या दिवशी तुझ्यामागे कुणी आलं नाही. येणार कोण? यजमान साहेबांना हार घालत होते, बाकीचे साहेबांबरोबर फोटो काढत होते, आणि मी आत खोलीत शुभाच्या मुंडावळ्या बांधत होते. बाहेर माईकवर पुकारा झाला, "मुलीच्या मामांना विनंती, मुलीला घेऊन मंडपात यावं." आम्ही दाराकडे पाहिलं. पुन्हा पुकारा झाला. शुभा म्हणाली, "मामा चहा घेत असतील." तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा माईकवाल्याचा आवाज चढला होता, आणि मंडपातली कुजबूज आतपर्यंत यायला लागली होती. हे धावत आले, म्हणाले अप्पा कुठेच नाहीत. बायका म्हणाल्या, चुलतमामा आहे की, त्याला बोलवा. मी म्हणाले, नको. ज्याची जागा आहे तो आला नाही, तर जागा भरायला उसना माणूस नको. मी शुभाचा हात धरला आणि मीच तिला घेऊन बाहेर आले. मुलीची आई मुलीला घेऊन येते असं आपल्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. नवऱ्या मुलाच्या मागे त्याचा मामा ताठ उभा होता. शुभाच्या मागे मोकळी जागा. मामानं पाठीशी उभं राहायचं असतं, दुसरं काही करायचं नसतं रे. नुसतं उभं राहायचं असतं. पोरगी अक्षता पडताना दोनदा मागे वळून बघत होती. सगळे म्हणाले, नवरी किती चुळबुळ करते. मला ठाऊक होतं ती काय बघते ते.

मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत तुझा निरोप येईल, चुकलं म्हणून. निरोप आला, पण तो असा: "तिनं मामाची जागा घेतली. आता तिला मामाची काय गरज?" म्हणजे तू मांडव सोडून गेलास हा तुझा मान, आणि मी माझ्या पोरीचा हात धरला हा तुझा अपमान! त्या दिवसापासून मी माहेरचा उंबरा ओलांडला नाही. राखी पाठवली नाही. आणि मी चुकले असं मी इथंही लिहिणार नाही, तसली अपेक्षा धरू नकोस.

पाच-सहा वर्षं गेली. एकदाच आपण समोरासमोर आलो, कपिलधारला. यात्रेची गर्दी, धबधब्याकडे उतरणाऱ्या ओल्या पायऱ्या. मी ह्यांच्यासोबत खाली उतरत होते, तू वहिनींना घेऊन वर येत होतास. तू बाजूला झालास मला वाट द्यायला. मी बाजूला झाले तुला वाट द्यायला. दोघंही उभे, आणि मागचे लोक ओरडायलेत, "ओ बाई, चला की!" तू किती वाळला होतास. मग तू वहिनींकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालास, "म्हणावं, पायऱ्या निसरड्या हायेत. जपून उतर म्हणावं." आणि मी ह्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "म्हणावं, डोळे हायेत आमाला."

हे आपलं शेवटचं बोलणं. दोन्ही बाजूंनी म्हणावं, म्हणावं. पुढे दोन पायऱ्या उतरल्यावर माझा पाय घसरला, ह्यांनी धरलं. मागे वळून पाहिलं तर तू वळून बघत होतास. लगेच तोंड फिरवलंस. दादा, तेव्हा तू एक शब्द सरळ माझ्या नावानं बोलला असतास, नुसतं 'ताई' म्हणाला असतास, तरी मी त्या पायऱ्यांवर बसून रडले असते. बोलला नाहीस. मीही नाही.

मग महेशचा फोन आला. दुकानातच गेलास तू, गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता.

आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. मी आले तेव्हा तुला आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, ओसरीत खुर्चीवर बसवलं होतं. लाकडी, मोठ्या हातांची खुर्ची. गळ्यात हार, डोक्याला फेटा, तोही गुलाबी. पुढे सगळं गाव खाली मांडी घालून बसलेलं. मी दारात उभी राहिले आणि खरं सांगते, आधी मला रडू आलं नाही, राग आला. म्हटलं, घे, मिळाली ना खुर्ची! पहिली रांग, मधली जागा, बाजूला कुणी सरकवणार नाही. आता निघून दाखव.

मग वहिनींनी माझ्या गळ्यात हात टाकला आणि मी रडले ते रडले.

तुला ट्रॅक्टरवर बसवलं. फुलांनी सजवलेली ट्रॉली, मध्ये खुर्ची, तुझं डोकं खुर्चीच्या पाठीला पांढऱ्या पट्टीनं बांधलेलं. महेश पुढे चालत होता. भजनी मंडळी, टाळ, हर हर महादेवचा गजर. आपल्यात बायकाही जातात म्हणून मी मागून चालत होते. शेताच्या वाटेला गाडी लागली आणि खड्ड्यांनी हिसके बसायला लागले. पट्टी सैल झाली. तुझं डोकं एका अंगाला कलायला लागलं. आणि मी बघते तो शुभा चालत्या ट्रॉलीवर चढली, तुझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळव्यांत तुझं डोकं धरलं.

मी ओरडले, "शुभे, उतर खाली!" सगळ्यांनी वळून बघितलं. ती उतरली नाही. शेत येईपर्यंत ती तुझ्या पाठीशी उभी होती. हिसका बसला की ती तुझा फेटा सावरायची.

घरी आल्यावर मी तिला कोपऱ्यात घेतलं. कशाला चढलीस? ती म्हणाली, "आई, मामाचं डोकं कलंडायलं होतं. सगळे गजर करण्यात गुंग, कुणाचं लक्षच नव्हतं." मी म्हणाले, त्यानं तुझ्या लग्नात काय केलं होतं ते विसरलीस का? ती म्हणाली, "मला सांगतेस? माझंच लग्न होतं ते." आणि अंघोळीला निघून गेली. तिच्या मनात तुझ्याबद्दल काहीच नव्हतं. मला तिचाही राग आला. तुझी तेवढी लायकी नव्हती, दादा. मी तिच्या जागी असते तर पट्टी घट्ट बांधा म्हणून महेशला हाक मारली असती, आणि तेवढंच केलं असतं.

दुखवट्यात बायका बायका बसलो होतो तेव्हा वहिनींनी एक सांगितलं. त्या लग्नाच्या दिवशी तू गेटाबाहेर पडलास आणि समोरच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलास. गेट दिसेल असा. माईकवरचा पुकारा तुला ऐकू येत होता. तिन्ही वेळा. मग मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तू मांजरसुंब्याच्या गाडीत बसलास, आणि तिथल्या धाब्यावर दिवस मावळेपर्यंत बसलास, चहासुद्धा न घेता. वहिनी म्हणाल्या, "मागून मला म्हणले, 'येक माणूस आला आसता तरी गेलो आसतो गं.' लई रडले हो बाई त्या दिशी. तुमाला सांगू नको म्हणले."

एक माणूस! दादा, पुकारा ऐकू येत होता तुला. गेट समोर होतं. भाची आत उभी होती. तो एक माणूस तू नव्हतास का? सडक ओलांडायला तुला कुणाचा हात कशाला लागत होता? हे ऐकून मला तुझी दया आली असं वहिनींना वाटलं असेल. दया आली, खोटं कशाला बोलू. पण त्या दयेच्या दुप्पट संताप आला. आणि तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी मला ते गेट दिसतं. आत आम्ही, बाहेर तू, मध्ये चार पावलांची सडक.

परवा गोडजेवण झालं. अंगणात मांडव, पुरणपोळी, पंगत बसलेली. कुणीतरी म्हातारं माणूस बोलून गेलं, "भाचीनं मामाचं डोस्कं सांबाळलं बरं का, नाहीतर कुणाचं ध्यानच नव्हतं." एवढंच. तुझा महेश वाढायला उभा होता. त्यानं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. "मग तिलाच करू द्या सगळं. आमी कोण हाव?" म्हणाला, आणि निघाला. एक चप्पल घातली. दुसरी समोर होती, तरी शोधली. खांद्यावरचं उपरणं झटकलं. आणि हळू, अगदी हळू फाटकाकडे चालायला लागला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्यात तर जाळतही नाहीत.

पंगत थांबली. वहिनींनी पदराला हात पुसले आणि त्या उठल्या त्याच्यामागे जायला, जशी आई उठायची. मी त्यांचं मनगट धरलं. म्हणाले, "बसा वहिनी. भूक लागली की येईल." त्या म्हणाल्या, "बाई, त्यो खरंच जाईल हो." मी मनगट सोडलं नाही. पण माझी नजर फाटकावर होती. महेश फाटकाबाहेर पोचला, आणि तिथं पाठ करून उभा राहिला. सदऱ्यातून तुझेच खांदे दिसत होते. मला वाटलं, आता हा खरंच गेला तर? तर पुन्हा तेच. पुन्हा पाच-सहा वर्षं, पुन्हा म्हणावं, म्हणावं, आणि शेवटी एक खुर्ची. आणि मी त्याच्यामागे गेले, तर उद्यापासून त्याची बायको जन्मभर जाणार.

मी उठले. फाटकापर्यंत गेले. त्याचा हात धरला नाही. पाठीमागूनच म्हणाले, "महेश, आत यायचं तर ये. जायचं तर नीट चालत जा. असं हळू चालू नको. तुझा बाप असाच चालायचा, आणि एका दिवशी मागून कुणी आलं न्हाई."

तो वळला. डोळे भरलेले. म्हणाला, "आत्या, मला दिसलंच न्हाई गं. मी पुढं व्हतो. अप्पाचं डोकं कलंडलेलं मला दिसलंच न्हाई."

म्हणजे पोरगा रुसला नव्हता नुसता, त्याला लागलं होतं. आणि ते सांगायची एकच रीत त्याला शिकवलेली होती, चपला घालायची. दादा, तुलाही असंच काही लागलेलं असायचं का? असलं, तर मला ते कधी कळलं नाही. तू भिंतीला सांगितलंस.

मी महेशला म्हणाले, "मग हे आत बसून सांग." आणि मी वळून आत आले. मागे बघितलं नाही. माझ्या जागेवर येऊन बसले. थोड्या वेळानं चपला काढल्याचा आवाज आला. तो शुभाच्या शेजारी येऊन बसला. शुभानं सरकून जागा दिली. वहिनी लगबगीनं उठल्या, तव्यावर पोळी गरम करते म्हणाल्या. मी म्हणाले, राहू द्या, ताटातली आहे तीच खाऊ दे.

खाल्ली त्यानं. गार पोळी खाऊन कुणी मरत नाही, दादा. तूही मेला नसतास.